विलायतेची नटी आणि माझं लुगडं

मी चौथी नापास माणूस. पण विलायतेतल्या एका नटीचं सारं चरित्र मला तोंडपाठ आहे. ते कशापायी पाठ केलं तेवढं सांगतो.

आमचं गाव येरमाळ्यापासून दोन कोसांवर. जत्रेला दरसाल नाटक व्हायचं आणि बाईचं काम बाप्यानं करायचं ही रीत होती. बावीस वर्षं नायिका मीच. त्यापायी लग्नातसुद्धा मिशी ठेवली न्हाय. मोठ्या दुष्काळात सारं गाव खडी फोडायला गेलं, तरी नाटक चुकलं न्हाय. फक्त तोंडाचा रंग धुवायला पाणी मिळायचं न्हाय. दुसऱ्या दिवशी गालावर लाली घेऊनच कामावर जायचं. मुकादम हजेरी घेताना विचारायचा, "तुमचं नाव बायांत लावू का बाप्यांत?"

"जिथं खडी कमी फोडावी लागती तिथं लावा," मी म्हणायचो.

पुढं दिवस बरे आले, गावात दूध सोसायटी निघाली. चेअरमन झाला माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. चेअरमन झालं की माणसाला सुधारणा सुचायला लागतात. एक दिवस म्हणाला, "दाजी, औंदा नाटकाला बार्शीहून नटी आणायची. खरी बाई."

"मग म्या काय खोटा हाय?"

"तसं न्हाय दाजी. पण तुमी चाळिशीला आलाव. गेल्या साली तुमाला उचलताना नायकाची कंबर धरली. अजून शेकतोय."

मी दूध घातलं आणि उठून आलो. अंगावरचं लुगडं कुणी भर चौकात ओढून घ्यावं तसं झालं मला.

सोसायटीत संध्याकाळी दूध मापायला वेळ लागायचा. तेवढ्यात आमचे शाळेचे गुरुजी जुनी साप्ताहिकं वाचत बसायचे. एका अंकावर एका गोऱ्या म्हातारीचा फोटो होता, नजर अशी की मुकादमानं मान खाली घालावी. मी विचारलं, "ही कोण?" गुरुजी म्हणाले, "विलायतेतली नटी. नाटकातली आणि सिनेमातलीही." म्हटलं, वाचा. चार संध्याकाळी तेच वाचून घेतलं. नाव काही जिभेवर बसलं न्हाय, पण बाकीचं बसलं.

तिचा बाप पाव भाजणारा. पोरगी नाटकात जाते म्हणाली तर त्यानं बोलणं टाकलं. सोळाव्या वर्षी ती फिरत्या कंपनीत शिरली. पहिलं काम काय, तर ताटात पत्र घेऊन आत यायचं आणि मुक्यानं माघारी जायचं. दोन वर्षं नुसती ताटं नेली. मग एक दिवस नायिकेला ताप आला, आणि हिला सगळ्यांचीच कामं पाठ! तिथून ती राणी झाली ती झालीच. लढाईच्या टायमाला शिपायांपुढं मालट्रकच्या पाठीवर उभी राहून काम केलं. दिवसा सिनेमाचं काम करायची, पण संध्याकाळी नाटकाच्या थेटरात हजर. आणि एकदा तिनं कंबरेला तलवार लावून राजपुत्राचं काम केलं.

मी ताडकन उभा राहिलो. "गुरुजी, तलवारीचं परत वाचा!"

त्याच्या पुढं आणखी एक पान होतं. तेही मी ऐकलं. मग गुरुजींना बाजूला घेऊन म्हणालो, "मीटिंगीत हे शेवटचं पान वाचायचं न्हाय. फाटलं म्हणा."

नाटकाच्या मीटिंगीला सोसायटीत गाव भरलं. गुरुजींनी तलवारीपर्यंत वाचलं आणि मी उभा राहिलो. "तिकडं बाई बाप्या झाली, कुणी दगड मारला न्हाय. मग हितं बाप्या बाई झाला तर कुणाच्या पोटात दुखतंय?" टाळ्या पडल्या. मेव्हणा डोकं खाजवायला लागला. पण चेअरमन होता तो. म्हणाला, "गुरुजी, पुढं काय झालं तिचं?"

"पुढं... फाटलंय."

मेव्हण्यानं अंक हातात घेतला, पान उलटलं आणि गुरुजींपुढं धरला. "कुठं फाटलंय? वाचा की."

गुरुजींनी खालच्या आवाजात वाचलं. चाळिशीत त्या बाईला पुन्हा कवळ्या पोरीचं काम द्यायला मालक आला. ती म्हणाली, न्हाय, आता मला आईचं काम द्या. लोक म्हणाले, हिचं संपलं. आणि त्याच कामावर ती पुढं तीस वर्षं गाजली.

सगळी मीटिंग माझ्याकडं बघायला लागली. पण मी हरणारा माणूस न्हाय. म्हणालो, "मग म्या येगळं काय म्हणतोय? सासूचं काम मलाच पायजे, तेच सांगायला उभा राह्यलो हुतो."

"व्हय का, दाजी?" मेव्हणा गालात हसत म्हणाला.

"व्हय. आन सासूला तीन पानं वाढवा."

घरी आल्यावर मात्र भाकरी गोड लागली न्हाय. बायकोला म्हणालो, "सासू कशी करायची मला काय ठाऊक?" ती म्हणाली, "वीस वर्षं तुमच्या घरात हाय न्हवं का सासू? जरा बघा तिच्याकडं." मग मी आईकडं बघायला लागलो. आई सुनेला सरळ कधी बोलायची न्हाय, कोंबडीला बोलायची. लेकी बोले सुने लागे, तसं.

जत्रेत बार्शीची नटी आली. गुणाची पोर, रंग लावतानाच मला 'सासूबाई' म्हणून पाया पडली. ती स्टेजवर गेली तशा शिट्ट्या उठल्या. वाटलं, आता आपल्याला कोण बघतंय. मी गेलो, गुडघा धरून बसलो आणि नुसत्या हवेला म्हणालो, "ऊठ गं कोंबडे! ऊन डोक्यावर आलं. तुला च्या कुणी आणून द्यायचा, म्या?"

बायांत असा हशा फुटला की नटी आपलं वाक्य विसरली. साऱ्या बाया माझ्याकडं न्हाय, पहिल्या ओळीत बसलेल्या माझ्या आईकडं बघत होत्या. आई तिथूनच ओरडली, "मुडद्या, ही तर म्याच हाय!"

पाच दिवस आई माझ्याशी बोलली न्हाय. जेवायला ये हेसुद्धा कोंबडीला सांगायची.

दुसऱ्या साली तालीम सुरू झाली. सासू कोण, हे मेव्हण्यानं विचारलंसुद्धा न्हाय. पहिल्याच दिवशी आई काठी टेकत आली, पुढं येऊन बसली आणि मला म्हणाली, "औंदा नीट कर. म्या पदर डाव्या हातानं सावरते."