रोजचे पाच शब्द

आमच्या कारखान्यात इंग्रजीचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते, आणि तो वर्ग मला आवडला होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून वाटेल की ही बाई पहिल्यापासूनच कुरकुरत होती.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहानसा. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवायचे. सात पॉवर प्रेस, साठेक माणसं. मी तपासणीला. सकाळी प्रत्येक प्रेसमधून निघालेला पहिला पीस मोजायचा, कागदावरच्या रकान्यांत टिका मारायच्या, खाली सही करायची, मग ऑपरेटरनं पुढचं काम सुरू करायचं. बावीस वर्षं हेच केलं. घर राजाजीनगरला. आमचे लोक या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते आम्हालाच धड ठाऊक नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, शाळाही कन्नड. इंग्रजी दहावीत कशीबशी पास होण्यापुरती.

परदेशी गिऱ्हाईक येणार, ते कामगारांशी बोलणार, म्हणून वर्ग काढला. शिकवायला एचआरची नवी मुलगी, पुण्याची. तिशीही गाठली नव्हती. तिला सगळ्यांनी मॅडम म्हणायचं. ती मला काकू म्हणायची. मी मराठी आहे हे कळल्यावर ती खूश झाली, आणि मी दोन वाक्यं बोलल्यावर हसायला लागली.

"काकू, काय क्यूट मराठी आहे तुमचं! 'जरा थांबा'ला 'स्वल्प थांबा' म्हणे!"

मीसुद्धा तिच्याबरोबर हसले. त्या माझ्या हसण्याचाच आता राग येतो.

साडेआठला कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा. रोज एक छापील कागद. त्यावर पाच शब्द, प्रत्येकाचा अर्थ आणि एक वाक्य. अर्थही इंग्रजीतच. म्हणजे एक शब्द कळत नाही, तर त्याच्या बदल्यात न कळणारे आणखी चार घ्यायचे. मी वही केली. घरी मोबाइलवर एकेक शब्द शोधून समोर मराठीत लिहायचे, मराठीत नाही सुचलं तर कन्नडमध्ये. मेट्रोत उभी राहून वाक्यं पुटपुटायचे. पंक्च्युअल म्हणजे वेळेवर येणारा. ओबीडियंट म्हणजे सांगितलेलं ऐकणारा. अपॉलोजाइज म्हणजे माफी मागणं. महिनाभरात मी वर्गात पहिली झाले. मॅडमनं सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. खोटं का सांगू, त्या रात्री मला भूकच लागली नाही इतका आनंद झाला होता.

त्या वाक्यांत उशिरा येणारा नेहमी कामगारच असायचा. माफी मागायचा तोही कामगार, आणि माफ करायचा तो मॅनेजर. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. ध्यानात आलं तेव्हाही मी कुणाला काही बोलले नाही. पाठ करत राहिले.

चार नंबरच्या प्रेसवर जो ऑपरेटर होता तो रायचूरकडचा. माझ्याच वर्षी लागलेला, माझ्याहून वयानं मोठा. तरी तो मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला अण्णा. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि कागदाची घडी करून खिशात ठेवायचा. त्याला कन्नडसुद्धा अक्षर अक्षर जुळवूनच वाचता यायची.

प्रेसपुढे एक जाळी असते. जाळी उघडी असली की प्रेस चालू नये म्हणून तिला स्विच असतो. चार नंबरची जाळी अडकायची, काम हळू व्हायचं. मोठी ऑर्डर आली तेव्हा मेन्टेनन्सवाल्यानं तो स्विच तारेनं आवळून बांधला. प्रॉडक्शन मॅनेजर शेजारी उभा राहून बघत होता. मीही बघितलं. त्यानंतर जाळी उघडी ठेवूनच प्रेस चालायची. आम्हा सगळ्यांना त्याची सवय झाली.

एका मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला अण्णाची डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी दोन प्रेस पलीकडे होते. किंकाळी वगैरे काही ऐकू आली नाही. तो फक्त "अय्यो" म्हणाला, हातून चहा सांडावा तसं. मग कुणीतरी मशीन बंद केलं, आणि त्या शांततेत मला कळलं.

तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम होती, प्रॉडक्शन मॅनेजर होता. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद.

"काकू, इथे सही करा. तुम्ही विटनेस आहात ना. फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"वाचते," मी म्हणाले.

"अहो, वाचायचं काय त्यात? झालं तेच लिहिलंय. त्यांनी स्वतः सही केलीय बघा."

खाली अण्णाची वाकडी सही होती. मी खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. नेग्लिजन्स हा शब्द आमच्या कुठल्याच कागदावर आलेला नव्हता. मी मोबाइल काढला. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. मोबाइलनं इंग्रजीतच सांगितलं, योग्य ती काळजी न घेणं. त्या ओळीतला प्रत्येक शब्द मला येत होता. हा वर्गाचाच प्रताप. पुढे व्हॉलंटरिली. म्हणजे स्वतःच्या मर्जीनं. ऑपरेटरनं स्वतःच्या मर्जीनं स्विच बांधला, काळजी घेतली नाही, म्हणून अपघात झाला, असं त्या कागदावर होतं.

मी कागद खाली ठेवला. "तार त्यानं नाही बांधली. मेन्टेनन्सनं बांधली. सर तिथं उभे होते."

मॅनेजरला मराठी येत नव्हतं. त्यानं मॅडमकडे बघितलं. तिनं हातानंच थांबा म्हणून खूण केली आणि आवाज मऊ केला. "काकू, इमोशनल होऊ नका. त्यांच्याच भल्याचं आहे. त्यांना गेटवर बसून काम देणारेत. सगळं ठरलंय."

"मग खोटं कशाला लिहायचं?"

तेव्हा तिनं ड्रॉवरमधून फाइल काढली. माझेच रोजचे कागद. चार नंबर प्रेस, पहिला पीस, टिका आणि खाली माझी सही. तिनं शेवटच्या रकान्यावर नख ठेवलं. सेफगार्ड व्हेरिफाइड.

"वाचा," ती म्हणाली. "सुरक्षेची जाळी तपासली. रोज तुमची सही आहे. त्या मंगळवारीसुद्धा. उद्या चौकशी झाली तर प्रश्न तुम्हालाच विचारतील."

बावीस वर्षांपूर्वी मला काम शिकवणाऱ्या तपासनिसानं सांगितलं होतं, माप बरोबर असलं की सगळ्या रकान्यांत टिक मारायची. मी मारत आले. तो रकाना मापाचाच काहीतरी असेल असं समजून मारत आले. ती जाळी उघडी दिसत असताना तिच्या नावापुढे मी रोज सकाळी बरोबरची खूण करत होते.

मी गप्प बसेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण मी त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"हा शब्द का नाही शिकवलात?"

"कुठला?"

"हाच. सेफगार्ड."

"काकू, तो टेक्निकल शब्द आहे. आपला वर्ग एव्हरीडे इंग्लिशचा होता. रोजच्या वापरातले शब्द."

"अहो, मी रोज त्याच्याखाली सही करते! याहून रोजचा शब्द कुठला असतो? माफी मागायला शिकवलंत, आभार मानायला शिकवलंत, सांगेल ते ऐकायला शिकवलंत. ज्या कागदावर माझा हात चालतो, अण्णाच्या हाताचं ज्यात लिहिलंय, त्यातला एक शब्द शिकवावासा वाटला नाही तुम्हाला?"

मी एवढ्या मोठ्यानं बोलत होते की बाहेरचं पॅकिंग थांबलं. मॅनेजर कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, सावकाश." मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं की बावीस वर्षं सावकाशच बोलत होते.

मग मी कोरा कागद मागितला. दिला नाही. मी वहीतलं पान फाडलं आणि इंग्रजीत लिहिलं, आमच्या वर्गातल्यासारखी छोटी छोटी वाक्यं. स्विच बांधलेला होता. मेन्टेनन्सनं बांधला. मॅनेजरनं बघितलं. मीपण बघितलं आणि तरी सही केली. त्याखाली सही केली. मॅडमनं वाचून म्हटलं, "ग्रामर चुकलंय. हे असं चालत नाही." मी त्याचा फोटो काढला, पान टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.  दुपारी एक पीस मोजताना माप दोनदा चुकलं.

संध्याकाळी अण्णाच्या खोलीवर गेले. वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. तो माझ्यावरच भडकला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? गेटवर बसवणार होते मला. आता कोण बसवेल?"

पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मला त्याचाही राग आला. काय म्हणून मी ह्याच्यासाठी भांडले?

मी चपला घालत होते तेव्हा त्याची बायको मागून आली. "त्या कागदात लिहिलंय काय? हे सांगत नाहीत. ह्यांना माहीतच नाही."

मी तिथंच जिन्यावर उभी राहून तिला एकेक शब्द कन्नडमध्ये सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे बोटं ह्यांनीच तोडून घेतली, असं?"

"असंच लिहिलंय."

ती आत गेली. रस्त्यापर्यंत तिचा आवाज येत होता.

पंधरा दिवसांनी ती त्याला घेऊन लेबर ऑफिसात गेली. माझ्या पानाच्या फोटोची मी दिलेली प्रत तिच्याजवळ होती. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं सगळं कन्नडमध्येच विचारलं. मला त्या टिकांबद्दलही विचारलं, आणि मी हो म्हणाले, माझ्याच आहेत. मला लेखी ताकीद मिळाली. अण्णाला भरपाई मिळाली, गेटवरचं काम मिळालं नाही. तो गावाकडे गेला. जाताना सगळ्यांना भेटला, माझ्याकडे आला नाही. सातही प्रेसचे स्विच दुरुस्त झाले. मला पॅकिंगला टाकलं.

गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यानं कुणाशीही इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला नाही. वर्ग बंद झाला. मॅडमला हेब्बाळला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. शेवटच्या दिवशी पॅकिंगमध्ये येऊन म्हणाली, "काकू, राग ठेवू नका हं मनात."

"ठेवते," मी म्हणाले. आणि पुढचा खोका बंद करायला घेतला. 

तिच्यावरचा राग अजून आहे, मॅनेजरवरचा आहे. सगळ्यात जास्त त्या टिकांवरचा आहे, त्याला कुठं ठेवावं ते कळत नाही. आता रजेचा अर्ज असो, पगाराची पावती असो, बँकेतला कागद असो, अक्षर अन् अक्षर वाचल्याशिवाय मी पेन उघडत नाही. मागे रांग लागते. "अक्का, बेग, बेग," म्हणून लोक घाई करतात. ओरडू देत.