परतीचे पंधरा तास

सोलापूरहून कुठंही पोचायला किती वेळ लागतो, हे देवालासुद्धा आमच्या शेजारच्या काकांना विचारूनच कळत असावं, अशी माझी पक्की समजूत होती. काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर गाड्या सोडल्या, स्वतः मात्र जिल्ह्यातल्याच केमच्या पुढं कधी गेले नाहीत. निवृत्त झाले तरी अंगातली ड्यूटी काही उतरली नाही. दारात पाहुणा आला की पाणी नंतर, आधी चौकशी, "कितीला निघालात?" पाहुण्यानं वेळ सांगितली की काका आढ्याकडे बघत हिशेब करत आणि म्हणत, "मंग पंचवीस मिन्टं कुटं गेली? मोडनिंबला च्याला उतरला असाल की!" पाहुणा ओशाळून कबूल करी. एका लग्नात मुहूर्त टळायला लागला, तेव्हा या गृहस्थांनी भर मांडवात भटजींना लेट होण्याचं कारण विचारलं होतं.

अशा माणसाची एकुलती एक लेक लग्न होऊन लंडनला गेली. आणीबाणी लागली, उठली, चार वर्षं झाली, पोर एकदाही आली नाही. जाताना तिच्या तिकिटावरच्या वेळा काकांनी उतरवून घेतल्या होत्या. मुंबईहून सकाळी सहाला विमान सुटतं, साडेअकराला लंडन. परतीच्या वेळा जावयाकडून पत्रानं मागवल्या. तिकडून सकाळी दहाला, मुंबईत रात्री एकला. दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात, हे बसस्टँडच्या हिशेबात कधी लागलंच नव्हतं. झालं! काकांनी गल्लीभर जाहीर करून टाकलं, "जायाला साडेपाच तास, यायाला पंधरा. परतीला चढ हाय, चढ!" कुणी "पोरगी कधी येणार?" म्हटलं की हेच उत्तर. पत्रातही लिहीत, 'पंधरा तास बसून पाय सुजतील, बाळ. घाई करू नकोस.' आणि पत्र टाकून आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दारात पोस्टमनची वाट बघत उभे. उत्तराला पंधरवडा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी पडलो भूगोलाचा मास्तर. चूक दिसली की राहवत नाही. एका संध्याकाळी मोसंबं आणि बॅटरी घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. मोसंबं फिरवून दाखवलं, तिकडचं घड्याळ आपल्या मागं कसं ते सांगितलं.

"म्हंजे?" काका म्हणाले.

"म्हणजे चढबिढ काही नाही, काका. जाताना दहा-अकरा तास, येतानाही तेवढेच."

काका मोसंब्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग ती येत का न्हाय वो, मास्तर?"

कुठून शहाणपणा सुचला मला!

"वारं," मी घाईघाईनं म्हणालो, "येताना समोरनं वारं लागतं. लई जोराचं." खरं तर येताना ते पाठीशी असतं. वर्गात एखाद्या पोरानं असं लिहिलं असतं तर सरळ भोपळा दिला असता.

"तरीच," काकांनी मान हलवली. "येवढ्या वाऱ्यात लेकरू येणार कसं?" आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.