एकसष्ट हजार दोनशे चाळीस

आमच्या थोरल्या साडूंइतका काटेकोर माणूस अख्ख्या बडोद्यात सापडणार नाही, आणि एवढा काटेकोरपणा इतक्या निरुपयोगी कामावर उधळणारा तर साऱ्या गुजरातेत नसेल. कोयलीच्या रिफायनरीत पस्तीस वर्षं त्यांनी मीटर आणि गेज दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. आमच्या साडूंनी जुनी व्हिडिओ गेमची मशीनं गोळा करायला घेतली. पूर्वी थिएटरबाहेर असायची ना, नाणं टाकून उभ्यानं खेळायची, माणसाएवढी उंच, ती. गोत्रीतल्या त्यांच्या टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र घराच्या, पुढच्या खोलीत अशी पाच मशीनं आहेत. सोफा गच्चीत गेला. पाहुण्यांना स्टुलावर बसवतात, आणि बसल्या बसल्या एक डाव खेळल्याशिवाय चहा मिळत नाही. माझ्या बायकोची ही सख्खी बहीण, म्हणजे आमच्या ताई, या सगळ्या संसाराला एकाच शब्दात मोडीत काढतात. “त्यांची कपाटं,” असं म्हणतात आणि भाजी निवडायला घेतात.

एक मशीन त्यांना सावली गावच्या एका गोदामात तंबाखूच्या पोत्यांखाली मिळालं. आत उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. घरी आणल्यावर दोन महिने त्या मशीनपाशी गेलेला प्रत्येक माणूस शिंकत असे. साडूंनी त्याची एकेक वायर काढून पुसली, नवं प्लायवूड घातलं, रंग मात्र जुन्याच छटेचा मिळावा म्हणून चार दुकानं पालथी घातली. पण काम करण्याची रीत रिफायनरीचीच. मशीनमध्ये हात घालण्याआधी परमिट लागतं. साडू स्वतःच फॉर्म भरतात आणि अधिकारी म्हणून ताईंची सही घेतात. एकदा घरी पाहुणे यायचे होते म्हणून ताईंनी सही नाकारली, तर हा गृहस्थ मशीनची पाठ उघडी टाकून दुपारभर समोर बसून राहिला, पण आत बोट घातलं नाही. “परमिट नाही तर काम नाही. बराबर ने?” असं वर मलाच विचारलं.

दुसरी रीत डाव्या हाताची. या मशीनच्या पडद्यामागच्या काचेच्या नळीत स्विच बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते म्हणे. म्हणून काम करताना साडूंचा डावा हात कायम खिशात. एकाच हातानं काम केलं की झटका छातीतून आरपार जात नाही, हे त्यांचं शास्त्र. सवय इतकी मुरली की लग्नात अक्षतासुद्धा ते एका हाताने टाकतात.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. त्या सावलीच्या मशीनवर विमानातून खडक फोडायचा खेळ आहे. ते सुरू झालं त्या दिवशी साडूंनी ताईंना आग्रहानं पहिला डाव खेळायला लावला. ताईंनी पदर खोचला, जन्मात पहिल्यांदा जॉयस्टिक धरली आणि एकसष्ट हजार दोनशे चाळीस गुण केले. मग “झालं समाधान?” म्हणून कुकर लावायला निघून गेल्या आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. पडद्यावर नावापुरती तीनच अक्षरं मावतात. टी, ए, आय. ताई त्यात नेमक्या बसल्या. साडू चार वर्षं रोज खेळतात, पण त्यांची मजल पंचावन्न हजारांपुढे गेली नाही.

अडचण अशी की जुन्या मशीनला आठवण नसते. वीज गेली की आकडे पुसले. म्हणून ते मशीन चार वर्षं एकदाही बंद झालेलं नव्हतं. लाईट गेली तर इन्व्हर्टर. मशीनवर लाल टॅग: ‘चालू आहे. हात लावू नये.’ रोज सकाळी आठ वाजता साडू लॉगबुकात आकडा लिहून खाली सही करायचे. चार वर्षं, रोज तोच आकडा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि बायपास ठरली. साडू डॉक्टरांवरच रागावले. “एवढी वर्षं डावा हात खिशात ठेवला, तरी हृदयच बिघडलं?” ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम एक पंप करतो हे कळल्यावर तर त्यांनी संमतीपत्र बाजूला ठेवलं आणि स्टँडबाय पंप आहे का, विचारलं. आहे म्हटल्यावर सही केली. निघताना मशीनसमोर क्षणभर थांबले. “आल्यावर बघतो याच्याकडे,” म्हणाले. ताई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

घराला कुलूप लावायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर शाळेत मास्तर. रिकाम्या वर्गातले पंखे बंद करत हिंडणं हा माझा स्वभाव. गॅस बंद केला, नळ बघितले, मेन स्विच खाली ओढला. तरी कुठून तरी घूं घूं येतच होतं, म्हणून जिन्याखालचा इन्व्हर्टरही बंद केला. आवाज थांबला. मोठ्या समाधानानं मी कुलूप लावलं.

लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, ताईंना घरी सोडायला गेलो तेव्हा. मशीन सुरू केलं, आणि ताईंच्या नावाच्या जागी नुसती शून्यं. तिकडे तो माणूस छाती उघडून घेऊन पडलाय आणि इकडे त्यानं चार वर्षं जपलेला आकडा मी पुसून टाकला. मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग पदर खोचला.

“अहो ताई, राहू दे.”

“दुपारी तिथे भेटू देत नाहीत, सुधीरराव. घरात बसून काय करू? देवापुढे बसले तर रडू येतं.”

त्या दुपारी सोळा हजार झाले. दुसऱ्या दुपारी अडतीस. अंगठा सुजला, त्याला बाम चोळून फडकं बांधलं. तिसऱ्या दुपारी मात्र ताई सुटल्या. पन्नास हजार झाले, साठ झाले, आणि नवीच पंचाईत आली. थांबायचं नेमकं एकसष्ट हजार दोनशे चाळीसवर, आणि थांबायचं म्हणजे विमान मुद्दाम आपटायचं. आकडा जवळ येताच मी भान विसरून ओरडलो, “ताई, मरा! आता मरा!” ओरडलो आणि जीभ चावली. एवढ्यात फोन वाजला. ताईंनी डाव्या हातानं घेतला, उजवा अंगठा चालूच. पलीकडून नर्स सांगत होती, “काकाने वॉर्डमां लई आव्या छे, मासी. एकदम सारू छे. मशीन चालू छे ने, एवुं पूछ्या करे छे. में कह्युं, हा काका, चालू ज छे.” काका ‘मशीन चालू आहे ना’ असं सारखं विचारत होते, आणि ती बिचारी हृदयाच्या मशीनबद्दल ‘चालूच आहे’ म्हणत होती. ताईंनी जॉयस्टिक सोडली, स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मलाही तीन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. विमान आपोआप आपटलं. एकसष्ट हजार तीनशे दहा. सत्तर जास्त.

“सत्तरानं काय होतंय,” ताई म्हणाल्या. “भुलीचं औषध घेतलंय त्यांनी. नाही आठवायचं.”

आठवड्यानं साडू घरी आले. चप्पल काढायच्या आधी मशीनपाशी गेले. आकडा बघितला. लॉगबुक उघडून मागची पानं चाळली. मी भिंतीकडे बघत उभा. साडूंनी एकदा ताईंच्या बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं, मग खाली बसून सावकाश काहीतरी लिहिलं, सही केली आणि चहा मागितला.

पुढच्या रविवारी गेलो तर इन्व्हर्टरवर नवाकोरा लाल टॅग. माझा चेहरा बघून साडू हसले. “तुमची चूक नाही हो. टॅग इथे पण पाहिजे होता. माझीच सिस्टिम अपुरी.” डॉक्टरांनी दोन महिने खेळायला बंदी केली होती, म्हणून ते मशीनसमोर नुसते स्टुलावर बसले होते. शेजारच्या स्टुलावर ताई भाजी निवडत होत्या. ती जागा पूर्वी त्यांची नव्हती. साडूंचा डावा हात त्या दिवशी खिशात नव्हता. तो ताईंच्या स्टुलाच्या कडेवर होता.

ते औषध घ्यायला आत गेले तेव्हा मी हळूच लॉगबुक उघडलं. ते घरी आले त्या दिवसाच्या पानावर नेहमीच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: ‘रीडिंग एकसष्ट हजार तीनशे दहा. सर्व ठीक. टी. ए. आय. यांचा अंगठा बरा होईपर्यंत हे मशीन कोणी खेळू नये.’