मस्कादेत शिजवलेल्या शिंपल्या

सत्य ठाऊक असताना गप्प बसणाऱ्याला तुम्ही सज्जन म्हणाल का? मस्कादे या फ्रेंच पांढऱ्या वाइनचा आंबटसर वास आला की मला २००६ सालची हॅम्बर्गमधली एक पावसाळी दुपार आठवते. मी ज्या मराठी दादाकडे भाड्याने राहत होतो, त्याने आमच्या लॅबमधल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. समुद्राकाठची ही वाइन शिंपल्यांबरोबर उत्तम जमते, म्हणून त्याने माझ्यासमोर अर्धी बाटली पातेल्यात ओतली. घरभर कांदा-लसणाची वाफ पसरली. सगळे जेवायला बसले, तेव्हा दारू न पिणाऱ्या आमच्या तुर्की सहकाऱ्याने चमचा भरत विचारलं, “रश्शात वाइन नाही ना?” “नाही, लिंबू आहे,” दादा जर्मनमध्ये म्हणाला आणि हसत माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, “शिजताना उडून जाते रे. तुझ्या खरेपणाची पत्रकं इथे वाटू नकोस. राहायचंय ना या घरात?” चमचा ओठांपर्यंत गेला होता. “अर्धी बाटली घातली आहे,” मी जर्मनमध्ये म्हणालो. सहकाऱ्याने चमचा खाली ठेवला आणि नुसता पाव खाल्ला. महिनाअखेरीला मला खोली सोडावी लागली. आज मीही याच वाइनमध्ये शिंपल्या शिजवतो, चव खरंच सुरेख येते. पण तुमच्याकडे जेवायला आलेल्याने आत काय घातलंय असं विचारलं, तर खरं सांगा आणि खायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.