पेपर डिशचं घर

"भाऊ, तुम्ही पेपर डिश आणा. करुणाताई दर वर्षी तेच आणायच्या."

माझ्या मुलीच्या वर्गात, सगळ्या आयांसमोर मला हे सांगण्यात आलं. मी हात वर केला होता, तो हळूच खाली घेतला. बसायला मुलांचे बाक होते. इतके ठेंगणे की माझे गुडघे छातीला लागत होते. खोलीत पुरुष मी एकटाच.

मैत्री तिसरीत आहे. तिची शाळा बडोद्याच्या कारेलीबागेत. सत्र सुरू झालं की शाळा प्राथमिकच्या पालकांना बोलावते आणि पुढचे कार्यक्रम सांगते. आजी-आजोबा दिवस, आनंद मेळा, खेळांचा दिवस, वाचन सप्ताह. मग कशाला मदतीला कोण येणार, ते विचारतात. आनंद मेळा म्हणजे प्रत्येक घराने एक पदार्थ करून न्यायचा, पटांगणात टेबलं मांडायची आणि मुलांनी कुपन देऊन एकमेकांच्या घरचं खायचं. कोणी दाबेली म्हणालं, कोणी खमण, कोणी भेळ. मिस फळ्यावर लिहीत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडून शेव-उसळ.

मिसनी लिहिलं नाही. खडू हातात धरून त्या अनघाताईंकडे बघत राहिल्या.

अनघाताई या वर्गाच्या पालक-प्रतिनिधी. आमच्यासारख्याच बडोद्याच्या मराठी. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते. हे त्या पहिल्या भेटीतच सांगतात. इतर आयांशी त्यांचं गुजरातीत चाललं होतं. माझ्याशी बोलताना त्या मराठीत आल्या आणि आवाज मऊ केला. मग ते पेपर डिशचं वाक्य.

मागच्या बाकावरून एक बाई गुजरातीत म्हणाल्या की जेन्ट्सला कुठे रांधता येतं, बिचाऱ्या मुलांची पोटं बिघडायची. सगळ्या हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, मी पुरुष आहे म्हणून. मला वाटलं, माझी बायको गेली आहे म्हणून माझी काळजी घेताहेत.

करुणा जाऊन वर्ष होत आलं होतं. मागच्या आनंद मेळ्यानंतर लगेच, डेंग्यूने गेली. आयांच्या ग्रुपवर तिच्या जागी माझा नंबर टाकला गेला. रोज सकाळी 'गुड मॉर्निंग लेडीज' येतं. मी वाचतो आणि फोन उलटा ठेवतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. तिथेही बोलायची सवय नाही. घरी आम्ही दोघं. मैत्री झोपली की निजामपुऱ्याच्या त्या दोन खोल्यांत मी पुस्तक उघडतो आणि तेच पान परत परत वाचतो. म्हणून मी त्या दिवशी हात वर केला होता. कुठेतरी चार माणसांत उभं राहावं, एवढंच मनात होतं.

संध्याकाळी मैत्रीची वेणी सोडत होतो. तिने आरशातूनच विचारलं, "पप्पा, तू शेव-उसळ का बोललास? आपलं तर पेपर डिशचं घर आहे ने."

मी विचारलं, म्हणजे काय.

"आपलं केलेलं कोणी नाही खात. म्हणून आपण डिश द्यायची. मग सगळे आपल्याच डिशमध्ये खातात. मम्मीने सांगितलंय. मिसला नाही विचारायचं. तुलापण नाही सांगायचं."

हे ती रडून नाही बोलली. शाळेला बुधवारी पांढरे बूट असतात, त्या सुरात बोलली.

मी तिची वेणी सोडत राहिलो. बोटं चालत होती. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

मैत्री याच शाळेत ज्युनिअर केजीत होती तेव्हाचा आनंद मेळा मला आठवला. करुणाने मोठं तपेलं भरून शेव-उसळ केली होती. पांढरे वाटाणे आदल्या रात्री भिजवले. सुकं खोबरं आणि लाल मिरच्या भाजल्या, तेव्हा ठसका लागला म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. तिखटाची तरी वेगळी, लसणीची चटणी वेगळी, बारीक शेव डब्यात. लाल साडी नेसून गेली. दुपारी मी घरी आलो तर तपेलं ओट्यावर होतं. काठापर्यंत भरलेलं. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "अंदाज चुकला. फार झाली." रात्री आम्ही तीच खाल्ली. मी दोनदा मागून घेतली. म्हटलं, आज जमली आहे. ती माझ्या ताटात वाढत राहिली. तिने स्वतः खाल्ली की नाही, ते मला आठवत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ती बाजारातून पेपर डिशचे गठ्ठे घेऊन आली. म्हणाली, बरं झालं, रांधायची कटकट गेली.

आम्ही महार. आता बौद्ध. आजोबा संस्थानच्या तबेल्यात घोड्यांकडे होते, वडील बाजव्याच्या रिफायनरीत. तीन पिढ्या बडोद्यात काढल्या. आडनाव मात्र आमच्या आधी पोचतं. करुणा गेली तेव्हा वर्गातल्या काही बाया भेटायला आल्या होत्या. त्यांची नजर भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोवर गेली आणि तिथून पाण्याच्या पेल्यांवर. पेले तसेच राहिले. मी म्हटलं, दुःखाच्या घरी कोण पाणी पितं. याच शहराने एका विद्वान माणसाला राहायला खोली दिली नव्हती. तो ज्या बागेत झाडाखाली बसून रडला, तिथे मी मैत्रीला रविवारी खेळायला नेतो. ती सगळी हकिकत मी वाचलेली आहे. ती पुस्तकं मी माझ्या हाताने फडताळात लावतो. ती जुनी झाली आहेत असं मला वाटत होतं. आणि माझ्या घरातली बाई दर वर्षी तो अपमान बाजारातून विकत आणून स्वतः वाहून नेत होती.

मी एका करुणाचं दुःख करत बसलो होतो. दुसरी करुणा मला भेटलीच नव्हती. तिला विचारायला आता कोणी नाही. शाळेतून निघताना तपेलं कुणी उचलू लागलं का? रिक्षात ते मांडीवर घेतलं की पायाशी? मुलीला काय सांगायचं, ते तिने वाटेतच ठरवलं का? कुणी तिच्या तोंडावर काही बोललं, की नुसतं कोणी आलं नाही? मी रात्री तिच्या बाजूच्या रिकाम्या उशीकडे बघून हे विचारत होतो. असं एकटेपण मी तिच्या मरणातही भोगलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी ग्रुपवर लिहिलं. आम्ही शेव-उसळ आणतो आहोत. पेपर डिश आमच्याकडून येणार नाहीत, दुसऱ्या कुणी आणाव्यात. 

एकही उत्तर आलं नाही. तासाभराने कुणीतरी फुलांचं चित्र टाकलं आणि माझा मजकूर वर सरकला.

मग अनघाताईंचा फोन आला. आधी मैत्रीची चौकशी केली. मग म्हणाल्या, तुम्ही एकटे, नोकरीवाले, कशाला एवढा त्रास. मग जैन मुलं असतात, लसूण चालत नाही. मी म्हटलं, बिनलसणीची वेगळी करतो.

"भाऊ, मी तुमच्या भल्याचं बोलते. मला काही वांधा नाही. मी मानतही नाही असलं. पण लोक नाही खाणार, आणि वाईट तुम्हालाच वाटेल. करुणाताई समजूतदार होत्या. त्यांनी कधी वाढवलं नाही."

मी म्हटलं, "नाही खाल्लं तर का नाही खाल्लं, ते सगळ्यांसमोर कळू दे."

"आपण मराठी माणसं," त्या म्हणाल्या. "आपणच असं करायचं का?"

आपण. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला. मी फोन ठेवला.

आनंद मेळ्याच्या सकाळी मैत्री उठायला तयार नव्हती. म्हणाली, पोट दुखतं. मी तिला जबरदस्ती केली नाही. ती आपणच उठली, गणवेश घातला आणि स्कूटरवर माझ्या मागे बसली. तपेलं पुढे, पायांच्या मध्ये. वाटेत ती एकदाच बोलली. "आपण डिश घेऊन गेलो असतो तर?"

टेबल मला हात धुवायच्या नळाशी दिलं होतं. मी ते उचललं आणि मधल्या रांगेत, खमण आणि दाबेलीच्या मध्ये नेऊन ठेवलं. कोणी अडवलं नाही. दोन्हीकडची टेबलं थोडी थोडी सरकली.

मेळा सुरू झाला आणि कळलं, की पेपर डिश कुणीच आणल्या नाहीत. ते काम आमचं. मी लिहून नकार दिला होता. पण त्या कामाला नाही म्हणता येतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. मुलं कुपनं घेऊन उभी. खमण ट्रेमध्ये, भेळ पातेल्यात, पण वाढायला डिश नाही. सगळ्या पटांगणात खायची भांडी होती फक्त माझ्या टेबलावर. घरच्या स्टीलच्या वाट्या, घासून आणलेल्या.

अनघाताई घाईने आल्या. "भाऊ, तुमच्याकडे स्कूटर आहे ने? पटकन जाऊन डिश घेऊन या बरं. मुलं खोळंबली आहेत."

मी म्हटलं, "मी इथे वाढायला उभा आहे."

"अहो, पण तुमच्याकडे कोणी..." त्या तिथेच थांबल्या.

"बोला," मी म्हटलं. "पुढचं बोला."

त्या मागे वळल्या. कान लाल झाले होते. खमणवाल्या बाईंनी आपल्या नवऱ्याला फोन लावला. डिश आल्या. मेळा भरला. माझ्यासमोर एक मुलगा कुपन धरून आला. त्याच्या आईने त्याला दंडाला धरून वळवलं. मला बघून कसनुसं हसली आणि म्हणाली, तिखट नाही चालत त्याला. तो मुलगा पुढच्या टेबलावर तिखट पाणीपुरी खात होता.

मैत्री जिन्यापाशी उभी होती. मी बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने ती आली. मी दोन वाट्या भरल्या, वर शेव घातली. आम्ही दोघांनी तिथेच, सगळ्यांसमोर उभं राहून खाल्ली. ती मान खाली घालून खात होती. मी मान वर ठेवून खाल्ली. 

निघताना अनघाताई परत आल्या. म्हणाल्या, एवढं उरलंय, सफाईच्या बायांना देऊन टाकू, वाया कशाला घालवायचं.

"हे उरलेलं नाही, ताई," मी म्हटलं. "हे नाकारलेलं आहे. सफाईच्या बायांना तुमच्या टेबलावरचं द्या."

घरी आल्यावर मैत्री माझ्याशी बोलली नाही. रात्री म्हणाली, "तू का केलंस? आता माझ्याशी कोणी नाही बोलणार." तिचं खरं होतं. सोमवारपासून तिच्या बाकावरची मुलगी दुसरीकडे बसायला लागली. एका वाढदिवसाचं बोलावणं सगळ्या वर्गाला आलं, तिला आलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि सगळं ठीक होईल असं म्हणालो नाही. होणार नाही, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

मी तिला ते नाव सांगितलं, जे तिच्या आईने सांगितलं नव्हतं. आपण कोण, आपल्याला काय म्हणत, कोणत्या विहिरीवर येऊ देत नसत. करुणाने तिला गप्प राहून जगायला शिकवलं. तिने ते प्रेमाने शिकवलं. एकटीने सगळं अंगावर घेऊन शिकवलं. तरी मी ते पुढे चालवणार नाही. मैत्रीने विचारलं, मग मम्मी चूक होती का? मी म्हटलं, मम्मी एकटी होती.

आता वाचन सप्ताह आहे. शाळेची सूचना आली. पालकांनी वर्गात येऊन मुलांना एक गोष्ट सांगावी, इच्छुकांनी नाव द्यावं. मी नाव दिलं. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला दिलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी खाण्याच्या कामाला. ज्याला नको असेल त्याने माझ्यासमोर उभं राहून नको म्हणावं आणि कारण सांगावं.

काल मिसचा फोन आला. गोष्ट कुठली सांगणार, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. मी म्हटलं, एका बाईची आहे, याच शाळेत घडलेली. तिचं नाव करुणा.

मग त्यांनी हळूच विचारलं, "तिसरीच्या मुलांना ते समजेल का?"

"मुलांना ठाऊकच आहे," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्या आईवडिलांना बोलवा."