राबाच्या कोपऱ्यातला लसूणघास

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंबरनाथला कंपनीत पहिल्या पाळीला होतो. पाऊस नुकताच ओसरला होता. पालेगावला पोचलो तर थोरला दादा गोठ्यापाशी एकटाच बसलेला. म्हणाला, "राख भिजू देऊ नका, एवढंच बोलली..." मला रडू आलं आणि हसूही. वहिनी अगदी अशाच होत्या.

भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर लसूणघास लावायचा, म्हशींना पुरून उरेल तो उल्हासनगरच्या तबेल्यांना घालायचा, ही कल्पना त्यांचीच. पण दोन वर्षं घासाने दगा दिला. वीतभर वाढून पिवळा पडायचा. दादाने युरिया ओतला, तर तणच माजलं. आजूबाजूच्या जमिनी इमारतींसाठी चालल्याच होत्या. दादाने सांगून टाकलं, आणखी एक वर्ष बघू, नाही जमलं तर म्हशी आणि जमीन दोन्ही विकू. वहिनी भांडल्या नाहीत. त्या नुसत्या कामाला लागत आणि समोरच्याची पंचाईत होई. त्यांनी मला शेतात नेऊन एक कोपरा दाखवला. सगळं शेत पिवळं, तेवढाच हिरवागार. भाताच्या रोपांसाठी दर उन्हाळ्यात आम्ही तिथे राब भाजायचो, म्हणजे पालापाचोळा, शेण जाळून त्या राखेच्या जमिनीत बी पेरायचो.

"या मातीला भूक नाय," वहिनी म्हणाल्या, "हिचा पोट आंबट झालाय."

कृषी खात्याच्या साहेबांनी माती तपासून तेच सांगितलं, जमीन आम्लधर्मी झाली आहे. चुना घाला, सोबत सुपर फॉस्फेट द्या, नत्र हा घास आपल्या मुळांच्या गाठींत स्वतःच साठवतो. मग काय, राखही चुन्याचंच काम करते, पण भिजली की तिचा जोर जातो, म्हणून वर्षभर चुलीची राख गोठ्यात कोरडी साठली आणि दिवाळीत घरोघरी भिंतींना चुना लागला, तशा वहिनी पिंपांच्या तळाचा उरलेला चुना मागत दारोदार फिरल्या. लोक हसले, त्याही हसल्या. त्या हिवाळ्यात घास गुडघ्याच्या वर गेला, कापला की पुन्हा फुटायचा. तबेल्याचे सिंधी शेठ स्वतः टेम्पो घेऊन आले आणि म्हणाले, "भाभी, भैंस दूसरा चारा देखती ही नहीं." जमीन विकायचं दादाने पुन्हा नाव काढलं नाही.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. तरी एका सकाळी दार उघडलं, तर ओट्यावर उरलेल्या चुन्याच्या बादल्या, डबे, फुटकी घमेली... कुणी मागितला नव्हता. दादाने एकेक उचलून शेतात नेलं आणि गोठ्यातली कोरडी राख त्यात मिसळून सगळीकडे पसरली. राबाचा कोपरा मात्र त्याने सोडला. त्याचं पोट बरं आहे, असं म्हणून वहिनीही तो दरवर्षी सोडायच्या.