तिची झोप कोणत्या शिफ्टची
चाकणच्या कंपनीत मी सव्वीस वर्षं शिफ्ट करतोय. एक आठवडा फर्स्ट म्हणजे सकाळची, मग सेकंड म्हणजे दुपारची, मग थर्ड म्हणजे रात्रीची. आल्यागेल्यासमोर माझा एक ठरलेला विनोद असायचा: "शिफ्ट मी करतो आणि झोप हिला येते!" पाहुणे हसायचे, बायकोही हसायची. त्यामुळे विनोद चांगला आहे अशी माझी समजूत.

तिला झोप यायची हे खरंच होतं. गेली दोन वर्षं तर भाजी निवडता निवडता मान पडायची. मी म्हणायचो, "कुंभकर्णाची बहीण!" पाळी जायच्या वयात बाईला रात्री घाम फुटतो, झोप मोडते, हे मला ठाऊक नव्हतं, आणि तिने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. ती पंखा वाढवायची, मी खेकसायचो, "मला सकाळी मशीनवर उभं राहायचंय." मग ती चटई घेऊन हॉलमध्ये जायची. मला वाटायचं, चला, दोघांचीही सोय झाली.

गेल्या उन्हाळ्यात मंडईत तिला चक्कर आली. पिंपळे गुरवला घराजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बीपी बरंच वाढलेलं निघालं. बाईंनी विचारलं, "झोप किती तास होते?"

"फर्स्टला चार तास," बायको म्हणाली. "साडेतीनला उठून डबा करावा लागतो. सेकंडला रात्री एकला जेवण गरम करायचं, परत पोरीच्या कॉलेजसाठी साडेपाचला उठायचं. थर्डला बरी होते, पण दिवसा पडता येत न्हाई. हे झोपलेले असतात, तर कुकरची शिट्टी होऊ द्यायची न्हाई, दारावरची बेल वाजू द्यायची न्हाई."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "कोणत्या कंपनीत आहात तुम्ही?"

"मी? मी घरीच असते की."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा रक्तदाबाचा तक्ता वाचू लागलो. कंपनीत कँटीन आहे, जेवण चांगलं असतं, तरी मला घरचीच भाकरी लागायची. शिफ्ट बदलताना मध्ये पुरेसा आराम हवा म्हणून आम्ही युनियनमधून भांडलो होतो. गेटवर घसा बसेपर्यंत घोषणा देणाऱ्यांत मी पुढे होतो. घरी तिच्या आरामाचा विषय माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

बाईंनी गोळ्या लिहिल्या, घामाचं आणि वयाचं नीट समजावलं. शेवटी म्हणाल्या, "नुसत्या गोळीने भागणार नाही. झोपू द्या यांना." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी कंपनीची आठवड्याची सुट्टी होती. पोरगी तिचं तिचं आवरून कॉलेजला गेली. मी बेडरूमचं दार ओढून घेतलं आणि चहा केला. साखर जास्तच पडली. बायको उठली नाही, याचं मला मनापासून बरं वाटत होतं. साडेनऊला ती केस बांधत धावतच बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"रागावू नका हो," ती म्हणाली, "आज जागच आली न्हाई."

मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. शेजारीपाजारी मी मवाळ नवरा म्हणून ओळखला जातो, आणि ही बाई झोप लागली म्हणून माझी माफी मागत होती.